काकूंना विचारा : कन्नड शेजारीण प्रार्थनेला बोलावते, जाऊ का?

प्रश्न : काकू, सलाम. मी निपाणीजवळच्या एका गावात राहते. आमची मंडळी पूर्ण मराठी, बायबल मराठी, भजनं मराठी. आमच्या गल्लीत अथणीकडचं एक कन्नड कुटुंब भाड्यानं राहायला आलंय, तो साखर कारखान्यात कामाला, ती घरीच असते. दोघं विश्वासी आहेत पण इथं त्यांचं कोणी नाही. तिनं मला घरी प्रार्थनेला बोलावलं आणि त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की तिचंच घर डोळ्यासमोर येतं. परवा उपासनेत पाळकसाहेबांनी नेमका बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 10 वा अध्याय वाचला. पण सासरे मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ आहेत, सीमा आंदोलनात लाठ्या खाल्लेले, ते म्हणतात आज तू त्यांच्या घरी जाशील, उद्या त्यांना चर्चमध्ये आणशील, मग उपासना पण कन्नडमध्ये होईल. मंडळीत काहीजण त्यांच्या जातीबद्दल पण कुजबुजतात. हे देवाचं मार्गदर्शन की माझ्याच मनाचे खेळ, कसं ओळखू? आणि माझं कन्नड 'ऊटा आयता', म्हणजे जेवण झालं का, च्या पुढं जात नाही.

उत्तर : सलाम पोरी. तुझ्या पाळकसाहेबांनी वाचलेला अध्याय आपण परत उघडू, कारण तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात कुठं उतरला होता बघ, शिमोन नावाच्या कातडं कमावणाऱ्याच्या घरी, समुद्राकाठी. मेलेल्या जनावराला हात लावणारा धंदा, म्हणजे कट्टर यहुदी माणूस त्या उंबऱ्याबाहेर थांबला असता. म्हणजे दृष्टांत व्हायच्या आधीच पेत्र एक पाऊल पुढं आलेला होता, देवानं त्याला एकदम परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, रोमी शताधिपतीच्या (शंभर शिपायांच्या अंमलदाराच्या) दारात नेऊन उभं केलं नाही. तिकडं कैसरियात त्या शताधिपतीला, कर्नेल्याला, दुपारी 3 च्या सुमाराला देवदूत दिसला आणि त्यानं माणसं पाठवली, इकडं दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेत्र धाब्यावर प्रार्थनेला चढला, भूक लागलेली, आणि दृष्टांतात आकाशातून सगळ्या तऱ्हेच्या जनावरांनी भरलेली चादर खाली आली, मार आणि खा अशी वाणी झाली, आणि यहुदी नियमानं ते अशुद्ध म्हणून पेत्र नको म्हणाला. तीनदा आली. पेत्राला त्याचा अर्थ लागेना, तो तिथंच विचार करत बसला होता, आणि तेवढ्यात खाली दारात माणसं उभी.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाचं मार्गदर्शन एकट्याच्या मनात फिरत राहत नाही, दुसऱ्या बाजूनं पण कोणीतरी दार वाजवतं. तुझ्या बाबतीत तिनं स्वतः बोलावलंय, तू आपणहून कुणाच्या घरात घुसत नाहीस. आणि पेत्र कर्नेल्याच्या घरी एकटा गेला नाही, यापोतले सहा भाऊ बरोबर घेतले, जे घडेल त्याला साक्षीदार हवेत म्हणून. तू पण मंडळीतली एखादी समजूतदार बाई बरोबर घे, जमलं तर सासूबाईंनाच घे. मनाचे खेळ असतील तर चार विश्वासू माणसांपुढं ते टिकत नाहीत, आणि देवाचं असेल तर बरोबरच्या लोकांनाही ते दिसतं.

आता सासऱ्यांचं. त्यांच्या बोलण्याला जुनाट म्हणून झटकू नको गं. 1956 ला भाषावार प्रांतरचनेत आपला भाग म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारी माणसं आहेत ही, पाटीवरची भाषा, शाळेतली भाषा, ऑफिसातला अर्ज, सगळीकडं मराठी मागं पडताना त्यांनी बघितलीय, चर्च ही एक जागा उरली जिथं आपल्या भाषेत रडता येतं. ही भीती खरी आहे. पण त्यांच्यापाशी बसून कृत्ये 6 वा अध्याय वाच. पहिल्या मंडळीतली कुरकुर भाषेवरूनच होती, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळतात म्हणून. प्रेषितांनी काय केलं, सात माणसं निवडायला लावली, आणि त्यांची नावं वाच, स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. कुणाला भाषा सोडायला लावली नाही. पुढं 15 व्या अध्यायात यरुशलेमात बैठक झाली तिथंही हेच ठरलं की परराष्ट्रीयांना आधी यहुदी व्हायची गरज नाही. मग त्या अथणीच्या बाईला मराठी व्हायला कशाला लावायचं, आणि तुम्हालाही मराठी सोडायला कोण सांगतंय? रविवारची उपासना मराठीत राहू दे, तिच्या घरची प्रार्थना दोन्ही भाषेत होऊ दे. आणि सासऱ्यांना हे पण आठवण करून दे की 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले ते काही मराठी घरातले नव्हते, कोणीतरी भाषा ओलांडून आलं म्हणून इथं मंडळ्या उभ्या राहिल्या.

जातीच्या कुजबुजीला मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. भाषेचं दुखणं समजू शकते, हे नाही. पेत्र कैसरियाहून परतला तेव्हा यरुशलेमात त्याला कुणी प्रवचनाबद्दल विचारलं नाही, तू त्यांच्यात जाऊन जेवलास हाच आरोप होता. आणि एवढं सगळं होऊन नंतर अंत्युखियात लोकांच्या भीतीनं तो परत परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, पौल प्रेषितानं तोंडावर सुनावलं त्याला, गलतीकरांस 2 मध्ये आहे. म्हणून पोरी, नुसती प्रार्थना करून येऊ नको, तिच्या हातचा चहा पी, भाकरी खा, आणि कोणी विचारलं तर खाल्ली म्हणून सांग. बोलणी घरच्यांचीच बसतील, पेत्राला पण आपल्याच लोकांनी जाब विचारला होता. त्यानं चिडून उत्तर दिलं नाही, जे झालं ते पहिल्यापासून क्रमानं सांगितलं आणि ते गप्प झाले. तू पण तेवढंच कर.

कन्नडचं टेन्शन घेऊ नको. तू मराठीत प्रार्थना कर, ती कन्नडमध्ये करेल, स्तोत्र 23 दोघींना पाठ असणार, तिथून सुरू करा.

प्रश्न : काकू, त्या चादरीच्या दृष्टांतावरून आमचे तरुण म्हणतात आता काहीही खाल्लं तर चालतं. आमचे शेजारी लिंगायत, कडक शाकाहारी, नाताळला त्यांना जेवायला बोलवायचंय. काय करावं? – खानापूर

उत्तर : चादर पेत्राला माणसांकडं पाठवायला आली होती, हे तो स्वतःच कर्नेल्याच्या घरात सांगतो, कोणाही माणसाला अपवित्र म्हणू नये हे देवानं मला दाखवलं म्हणून. खाण्याची मोकळीक आहेच, पण पौल करिंथकरांना लिहितो की माझ्या खाण्यानं भावाला अडखळण होत असेल तर मी मांसच खाणार नाही. ते विश्वासातल्या भावाबद्दल आहे, शेजाऱ्याला वेगळा न्याय कशाला? त्या दिवशी मटण नको. भांडी घासून नव्हे, वेगळीच घ्या, तसं त्यांना आधी सांगा पण, म्हणजे ते निर्धास्त येतील. करंज्या, पुरणपोळी, मसालेभात, एवढं पुष्कळ झालं. तुमचं मटण दुसऱ्या दिवशी करा की.