राजगड-तोरण्याचा नकाशा आणि त्यापुढचे शिक्षण

(भोरहून एक पालक लिहितात : मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. राजगड-तोरणा परिसराचा नकाशा स्वतः संगणकावर करायचा तिने ध्यास घेतला आहे. सॉफ्टवेअर लाखांच्या घरात जाते आणि नकाशांसाठी सरकारी परवानगी लागते, असे कोणीतरी सांगितले. घरी ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. या नादाचा पुढे उपयोग होईल का?)

सप्रेम नमस्कार.

खर्च आणि परवानगी, या दोन्हींची चिंता सोडा. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत (कोणीही पाहू-बदलू शकेल असे) आहे, पूर्ण मोफत आहे, आणि २००२ पासून जगभरचे लोक मिळून ते वाढवत आहेत. तुमच्या लॅपटॉपवर ते चालेल. उतरवताना 'लाँग टर्म' आवृत्ती घ्या. ती सतत बदलत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. परवानगीचे म्हणाल, तर केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकाला अशा कामासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध मात्र पाळायचे असतात.

आता माहिती कुठून आणायची ते सांगतो. उंचीसाठी एसआरटीएम ही जमिनीच्या उंचीची माहिती घ्या. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरच्या रडारने ही मोजणी झाली. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मोफत खाते उघडले की १ अंश × १ अंशाचे तुकडे मिळतात. १८ उत्तर, ७३ पूर्व या एकाच तुकड्यात राजगड, तोरणा, सिंहगड आणि पुणे शहर येते. त्यात ३,६०१ × ३,६०१, म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन साधारण ३० मीटरचा. सगळ्या तुकड्यावर एकदम समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढायला गेल्यास ८ जीबीचा लॅपटॉप अडकून बसेल. आधी दोन्ही किल्ल्यांभोवतीचा २० किमी × १५ किमी भाग कापून घ्यायचा.

इथेच बहुतेक मुले पहिल्यांदा अडतात. हा तुकडा अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असतो, आणि उंची मीटरमध्ये. तसाच उतार काढला तर सगळा मुलुख ९० अंशांच्या कड्यासारखा दिसतो, कारण सॉफ्टवेअर एका अंशाला एक मीटर समजते. म्हणून क्यूजीआयएसमधले 'वॉर्प' हे साधन वापरून तो ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणायचा, म्हणजे अंतरेही मीटरमध्ये येतात. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांसाठी हेच प्रक्षेपण. (मैत्रीण नागपूरची असेल तर तिला ३२६४४ लागेल, नागपूर ७८ च्या पलीकडे आहे.) वॉर्पच्या खिडकीत नव्या चौकोनांची उंची ठरवण्यासाठी 'निअरेस्ट नेबर' (जवळच्या एका चौकोनाचा आकडा) आधीपासून निवडलेले असते, ते बदलून 'बायलिनिअर' (आजूबाजूच्या चार चौकोनांवरून काढलेला आकडा) करा. नाहीतर छायांकित (डोंगरांचा उठाव सावलीने दाखवणाऱ्या) नकाशावर पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात दिवस जातो.

समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने काढा. १० मीटरच्या रेषा दिसायला छान, पण या माहितीची उंचीची अचूकता १६ मीटरपर्यंतच अपेक्षिलेली आहे, म्हणजे त्यातल्या अर्ध्या रेषांना आधार नाही. तोरणा १,४०० मीटरच्या आसपास असूनही नकाशावर माथा कमी भरला तर घाबरू नये. ३० मीटरच्या चौकोनात माथा आणि कडा दोन्ही आले की मधलाच आकडा मिळतो. याच कारणाने कड्याची धार या नकाशावरून ठरवून कोणी चालू नये, हे तिने नकाशावर स्पष्ट लिहावे.

रस्ते, वाड्या, ओढे यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला जगाचा खुला नकाशा. क्विकओएसएम हे प्लगिन (क्यूजीआयएसला जोडायचे छोटे साधन) टाकले की क्यूजीआयएसमध्येच हव्या त्या भागाची माहिती येते. श्रेय म्हणून 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असा उल्लेख नकाशावर हवाच. ती परवान्याची अट आहे. वेल्हे-भोर भागातल्या अनेक वाड्यांची नावे तिथे नसतील किंवा फक्त इंग्रजीत असतील. ती तिने स्वतः भरावीत, मराठी नावाचा रकाना वेगळा असतो. नावे स्वतःच्या माहितीतली किंवा जागेवर जाऊन विचारलेली असावीत. गुगलच्या नकाशावरून उतरवलेली चालत नाहीत. मला विचाराल तर साऱ्या उद्योगातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण ती नावे पुढे प्रत्येकाच्या नकाशात जातील.

पडताळणीला भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मिळतात. जिल्ह्या-राज्याच्या आणि विशेषतः देशाच्या सीमा त्यांच्याच वापराव्यात. परदेशी संकेतस्थळांवरच्या फायलींत काश्मीर वेगळे दाखवलेले असते आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा ठरतो.

नकाशाच्या फायली शेपफाइल या जुन्या प्रकारात नको, जिओपॅकेज या नव्या प्रकारात साठवाव्यात. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा असते आणि एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकले तर 'पद्मावती माची'च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे येतात. फोल्डरचे नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. काही जुनी साधने देवनागरी नावावर अडतात.

आता नोकरीचा प्रश्न. नुसत्या रेषा गिरवण्याची कामे मिळतात, पण पगार कमी आणि बढती अवघड. पुढे तेच जातात ज्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूएल ही माहितीसाठ्यातून हवे ते काढण्याची भाषा येते, कारण तेच काम ते दोनशे गावांसाठी एकदम करू शकतात. नकाशा पूर्ण झाल्यावर तिने हेच टप्पे पायथनमध्ये लिहून पाहावेत. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रही मिळते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर क्यूजीआयएसचे धडे आहेत. २०२२ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा (जमिनीची मोजणी आणि नकाशांच्या तंत्राचा) स्वतंत्र पेपर आहे. जिओइन्फर्मेटिक्सच्या (संगणकावर भौगोलिक माहिती हाताळण्याच्या) काही एमएस्सी अभ्यासक्रमांना मात्र विज्ञान शाखा किंवा गणित लागते. बीए झालेल्यांना प्रवेश आहे का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत आत्ताच पाहा, तिसऱ्या वर्षानंतर नको.

एक वही किंवा साधी मजकूर फाइल तिने पहिल्या दिवसापासून ठेवावी : नकाशातला प्रत्येक थर (उंची, रस्ते, गावे अशी एकेक माहिती) कुठून आणला, कोणत्या तारखेला, परवाना कोणता, प्रक्षेपण कोणते. मुलाखतीत नकाशा दाखवला की पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो, आणि महाविद्यालयाच्या प्रकल्प अहवालातही हीच नोंद जशीच्या तशी वापरता येते.