वडिलांना आतड्याचा कॅन्सर, केमो सुरू झाल्यापासून गप्प असतात, कोल्हापुरात त्यांच्याशी बोलणारं कुणी भेटेल का?

भेटेल की. पण आधी घरात येणाऱ्या पाहुण्यांचं ते "काय होत न्हाई ओ, धीर धरा" बंद करा, त्यानं माणूस अजूनच गप्प होतो, भीती वाटतेय हे मग सांगायचं कुणाला. अंगात ताकद असेल त्या दिवशी रंकाळ्यावर न्या, नुसतं सोबत बसा.

माझ्या मते खरी ओळख केमोच्या डे-केअरमध्येच होते. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर गार पाण्याला हात लावला तरी मुंग्या येतात, हे घरच्यांना सांगून पटत नाही पण शेजारी सलाईन लावून बसलेल्याला न सांगता कळतं. नर्सला विचारा, उपचार संपलेला कुणी पेशंट बोलायला तयार आहे का म्हणून. पोटावर स्टोमाची पिशवी (ऑपरेशननं पोटावर केलेल्या वाटेतून शी जमा होते ती) असेल तर मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाला फोन करा, वास, गळती, लग्नकार्याला जायचं कसं, हे असले लाजेचे प्रश्न स्वतः पिशवी वापरणाऱ्यालाच विचारावेत, आपल्यासारख्यांना काय कळणार!

आणि झोप उडाली, "जगून काय करू" असं बोलायला लागले तर वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पण चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.