घरच्या कारखान्यात माझं करिअर कुठं?

नवं उत्पादन घडवण्याची आवड असलेले तरुण इंजिनिअर माझ्याकडं बऱ्याचदा एकच काळजी घेऊन येतात: "घरचा कारखाना आहे. तिथं गेलो, तर माझी स्वतःची ओळख राहील का?" ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एका मुलीचा अनुभव सांगते. तिला सायली म्हणू.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत तिच्या वडिलांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आणि छोटं मशिन शॉप. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची कास्टिंग, बहुतेक जॉबवर्क. पार्टी ड्रॉइंग देणार, हे ओतून देणार. सायली पुण्यात प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये होती. वडिलांच्या आजारपणात घरी आली आणि राहिली. त्यांच्याकडं कडबाकुट्टीची, म्हणजे वैरण बारीक कापायच्या यंत्राची चाकं वर्षानुवर्षं ओतली जातात. तिला अख्खी कडबाकुट्टी करायची होती. वैरण सारताना हात रोलरमध्ये ओढला जातो, आणि गावाकडं हे काम बऱ्याचदा घरातल्या बायकाच करतात. म्हणून एका धक्क्यात रोलर उलटे फिरवणारी दांडी आणि वैरण सारायला लांब, झाकलेलं तोंड, असं तिचं डिझाइन होतं. वडील म्हणायचे, "ही ऑर्डर निघू दे, मग बघू." एक ऑर्डर निघाली की दुसरी यायची.

"पप्पांना माझ्यावर विश्वासच नाही, मॅडम," ती रडत म्हणाली.

मी विचारलं, "पगार किती घेतेस?"

ती गोंधळली. "घरचेच पैसे. लागतील तसे घेते."

हुद्दा ठरलेला नाही, नव्या कामाला वेगळा पैसा नाही, मुदत नाही. माझ्या मते खरी गाठ इथं होती. बाहेरच्या कंपनीत तिनं या अटींवर एक दिवसही काम केलं नसतं.

पुढच्या वेळी वडिलांना बोलावलं. "सगळं हिचंच आहे की. पगार कशाला पाहिजे?" ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. बोलता बोलता मात्र भीती बाहेर आली. मंदीत आठवड्यातून दोनच दिवस भट्टी पेटायची, बँकेचे हप्ते थकले होते. हे त्यांनी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं. "किर्लोस्करांचा लोखंडी नांगरसुद्धा दोन वर्षं पडून होता. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणायचे शेतकरी. आपल्यात दोन वर्षं थांबायची ताकद नाही, पोरी."

मी तिथंच थांबवलं. "मग किती दिवस थांबायची ताकद आहे?"

त्यांनी हिशेब केला. आठ महिने, आणि पॅटर्नसकट (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ती प्रतिकृती) तीन नमुने होतील इतकी रक्कम. नकार समजून सायली ज्यावर महिनोन्‌महिने कुढत होती, त्यामागं हा आकडा होता.

अर्ध्या पानावर सगळं लिहिलं. दर महिन्याला पगार बँक खात्यात. डिझाइनचा निर्णय तिचा, खर्चाची मर्यादा त्यांची. जेवताना कामाचा विषय नाही. आठ महिन्यांनी जमलं नाही, तर ती नोकरी शोधणार आणि घरात त्याचा राग धरायचा नाही.

नावाची काळजी उरली होती. पेटंटच्या अर्जात अर्जदार आणि संशोधक वेगळे लिहितात. अर्जदार फर्म असली तरी संशोधक म्हणून तिचंच नाव लागतं, हे तिला सांगितलं. दांडीची यंत्रणा पेटंट मिळण्याइतकी नवी आहे का, हे वकिलानं ठरवायचं. पण बाजारात दाखवण्याआधी त्याला भेट, असा आग्रह धरला. प्रत्येक ड्रॉइंगवर तारीख, बदलाचं कारण आणि चाचणीची नोंद ठेवायलाही लावलं. उद्या नोकरीच्या मुलाखतीत हेच तिच्या कामाचा पुरावा होईल.

पहिल्या नमुन्याच्या बॉडीत ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून झालेली भोकं निघाली. दुसरा एका नातेवाइकांच्या गोठ्यात चालू आहे. तोंडाच्या पत्र्याच्या जाडीवरून बापलेकीचं अजून जमलेलं नाही. गेल्या वेळी दोघं तोच वाद घालत माझ्याकडं आले, पण या वेळी समोर ड्रॉइंग उघडं होतं आणि वडील त्यावर पेन्सिलीनं खुणा करत होते.