टेनिसमध्ये सर्व्ह करताना खांदा दुखतो आणि बॉलला स्पीडही येत नाही. कोच सारखे ‘ट्रॉफी पोझ नीट कर’ म्हणतात. त्या पोझमध्ये शरीरात नक्की काय होतं?

मी डॉक्टर नाही हं, दादरचा रविवारचा प्लेयर आहे, पण हेच दुखणं दोन वर्षं काढलंय म्हणून लिहितोय. चूक बहुतेक हातात नसतेच, हात फिरायच्या आधीच झालेली असते.

उजव्या हाताने खेळता असं धरतो. टॉस केल्यावर, म्हणजे बॉल वर उडवल्यावर, डावा हात लगेच खाली पाडायचा नाही, तो वर राहिला की डावा खांदा वर उजवा खाली असा उतार होतो, गुडघे वाकतात, उजवं कोपर साधारण खांद्याच्या लेव्हलला येतं. झाली ट्रॉफी पोझ. यात खवाटा, म्हणजे स्कॅप्युला, मणक्याकडे मागे सरकायला हवा. तो जागचा न हलवता नुसतं कोपर मागे खेचलं की खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, मी तेच करायचो.

आता खरी गंमत. रॅकेट पाठीमागे न्यायची नसते, ती मागे राहते. लोकल सुटते तेव्हा पाय गाडीबरोबर जातात आणि अंग मागे राहतं ना, तसंच. पाय जमिनीला रेटतात, कंबर फिरते, मग छाती, आणि हात मागेच राहिल्यामुळे दंड बाहेरच्या बाजूला पिळला जातो, प्रो लोकांचा जवळजवळ १७० अंशांपर्यंत (पाठीची कमान आणि खवाटा धरून). छातीचे आणि खवाट्याखालचे स्नायू रबरासारखे ताणले जातात आणि लगेच सुटतात, तेव्हा दंड आत गर्रकन फिरतो, पुरुष प्रोंचा तर सेकंदाला २००० अंशांच्या वर स्पीडने! म्हणून पोझमध्ये फोटोला उभं राहिल्यासारखं थांबू नका, ताण वाया जातो. आणि साधारण निम्मी ताकद पाय आणि धडातून येते, गुडघे ताठ ठेवलेत की सगळा भार खांद्यावर.

अजून एक, रॅकेटचं तोंड आकाशाकडे नको, उडप्याकडचा वेटर ट्रे घेऊन येतो तसं दिसतं ते. हातोडी धरतो तशी ग्रिप घेतली की बरंच सुटतं.

बॉल मारल्यावर हाताला ब्रेक लावतात ते खांद्यामागचे छोटे स्नायू, फिजिओने मला त्यांच्यासाठी रबर बँडचे व्यायाम दिले होते. रात्री झोपेतही दुखत असेल तर मात्र आधी ऑर्थोला दाखवा, सर्व्ह नंतर. टॉसची प्रॅक्टिस बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही होते, फक्त वॉचमनला आधी सांगून ठेवा.