तुमचे प्रश्न : नाटक की गिटार?

*ताई, मी घणसोलीला राहतो, नोकरी महापेला. शनिवार-रविवार ठाण्यात एकांकिकेच्या तालमी असतात आणि कॉलेजपासून गिटारही वाजवतो. दिग्दर्शक म्हणतात, गिटार घरी ठेव. बँडमधली मुलं म्हणतात, नाटक सोड. घरचे म्हणतात, दोन्हीकडे अर्धवट राहशील. ह्यू लॉरी माझा आवडता नट. ‘हाउस’ या टीव्ही मालिकेतला डॉक्टरही तोच आणि ब्लूज गाणाराही तोच. त्याला हे कसं जमलं?*
— एक वाचक, घणसोली

तुझं पत्र वाचून आनंद झाला. या माणसाला मी ‘हाउस’च्या कितीतरी आधीपासून बघत आले आहे. त्याची कारकीर्द एकदा सालांसकट समोर मांड, तुझ्या निम्म्या काळजीला तिथेच उत्तर आहे.

जन्म १९५९चा, ऑक्सफर्डमधला. पियानोची शिकवणी अगदी लहानपणी लागली आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. गोडी लागली ती पुढे रेडिओवर ब्लूज ऐकल्यावर. केंब्रिजमध्ये मात्र त्याचा जीव नाव वल्हवण्यात होता. वडिलांनी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच खेळात सुवर्णपदक मिळवलेलं! आजारपणाने सराव थांबला तेव्हा तो ‘फुटलाइट्स’ या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात शिरला. तिथे स्टीफन फ्राय आणि एमा थॉम्पसन भेटले, १९८१ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्यांच्या कार्यक्रमाला विनोदासाठीचा पेरिये पुरस्कार मिळाला आणि विनोदी नट म्हणून गाडी रुळावर आली. ‘हाउस’ २००४ ते २०१२. पहिला अल्बम ‘लेट देम टॉक’ आला २०११ साली, तेव्हा त्याचं वय ५१.

म्हणजे हात कळत्या वयापासून पियानोवर आणि स्वतःच्या नावाचा अल्बम पन्नाशी उलटल्यावर. मधली सगळी वर्षं त्याने संगीत बाजूला ठेवलं होतं का? अजिबात नाही. ते त्याच्या भूमिकांमध्ये चालू होतं, आणि तुला सांगायचं आहे ते हेच.

‘जीव्ह्ज अँड वूस्टर’ ही विनोदी मालिका (१९९० ते ९३) मिळवून बघ. लॉरी त्यात बर्टी वूस्टर आहे, श्रीमंत, भाबडा, सतत कुठल्यातरी घोळात सापडणारा. एका प्रसंगात तो पियानोवर जॅझ गायक कॅब कॅलोवेचं ‘मिनी द मूचर’ हे गाणं म्हणत बसतो आणि आपल्या नोकराला, जीव्ह्जला, साथ द्यायला लावतो. जीव्ह्ज सूर लावतो, पण प्रत्येक ओळीला ‘सर’ जोडायचं सोडत नाही. त्या दोघांमधलं सगळं नातं त्या गाण्यात दिसतं. आणि लॉरीकडे बघ. बोटं सराईत आहेत, पण वाजवतोय तो बर्टीच, स्वतःवर खूश झालेला. ‘हाउस’मध्येही डॉक्टर घरी एकटा पियानोशी बसतो तेव्हा त्याचा तुसडेपणा, त्याचं दुखणं तसंच त्याच्यासोबत बसलेलं असतं.

मी बरीच वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली, गडकरी रंगायतनलाही आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही. स्टेजच्या पुढ्यात बसलं की नटाचे हात नजरेच्या टप्प्यात येतात. पद सुरू झालं की पुष्कळांचे हात भूमिका सोडून देतात. आत्तापर्यंत पदराशी चाळा करणारी, रागाने थरथरणारी बाई एकदम मैफलीला बसल्यासारखी होते. आणि एखादीच अशी असते की तिचा आलाप चालू असतानाही पदराचं टोक मुठीत आवळलेलंच राहतं. अशा वेळी साथ करताना माझ्या अंगावर काटा यायचा. तुला हे जमलं तर तुझी गिटार नाटकाच्या आड येणार नाही.

तेव्हा दिग्दर्शकांशी बोल. बँडची गाणी तालमीत वाजवू नकोस, त्यांचं म्हणणं तिथे खरं आहे. पण एखाद्या पात्राच्या हातात गिटार शोभत असेल तर ते पात्र मागून घे. मग बघ, ते पात्र तार जुळवतं कसं, चुकल्यावर थांबतं की रेटून नेतं. बँडसाठी रोज अर्धा तास घरी, नोकरीवरून कितीही दमून आलास तरी. डॉ. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरी करत होते, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’चे खाँसाहेब त्यांनीच उभे केले. नोकरीने गाणं मरतं हे मला पटत नाही.

आणखी एक. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. ईटनसारख्या बड्या शाळेत शिकलेला इंग्रज ते गातो म्हणून लॉरीवर टीका होणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने गायलं, पण न्यू ऑर्लिन्सच्या जाणत्यांना सोबत घेऊन. पहिल्या अल्बममध्ये अर्मा थॉमस आणि डॉ. जॉन आहेत, ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, रचना अ‍ॅलन टूसाँची. २०१३च्या ‘डिडन्ट इट रेन’मध्ये तर कितीतरी गाणी त्याने गॅबी मोरेनो आणि जीन मॅक्लेन या गायिकांकडे सोपवली आणि स्वतः पियानोशी बसला. ज्यांचं संगीत आहे त्यांच्याजवळ जाऊन शिकणं मला फार मोलाचं वाटतं. तूही ब्लूज वाजवत असशील तर आधी जुन्या मंडळींना भरपूर ऐक.

*मी ‘हाउस’ पाहिलेलं नाही, इंग्रजी उच्चार पटकन कळत नाहीत. ह्यू लॉरीची सुरुवात कुठून करू?*
— एक वाचक, नौपाडा

तुम्ही कानापासून सुरुवात करा. पहिल्या अल्बममधलं पहिलंच ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ लावा. शब्द यायला वेळ लागतो, आधी बराच वेळ नुसता पियानो आहे, तेव्हा उच्चारांची अडचण नाही. नंतर ‘जीव्ह्ज अँड वूस्टर’, सबटायटल लावून. ‘हाउस’ शेवटी ठेवा. त्यात आजारांची नावं इतकी भराभर येतात की डॉक्टर असलेलं कुणी शेजारी बसलेलं बरं!