गावाच्या ई-क्लासवर (ढोरं चारायच्या सरकारी जमिनीवर) रात्री शहराचा कचरा टाकतात, तक्रार कुठे करावी?

एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत द्या, पण अर्ज एसडीओकडेच.

आमच्याकडे वऱ्हाडात हेच झालं. ई-क्लासला लागून नाला आणि नाल्यापलीकडे नळयोजनेची विहीर. कचऱ्याची भरावभूमी वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब पाहिजे, असं तेव्हाच्या 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं. आमच्या विहिरीवर उभं राहिलं की ढिगाचा धूर सरळ नाकात जायचा. शेजाऱ्यांची गाभण गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत पन्न्यांचा गोळा, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि सलाईनची नळी गुंडाळलेली. दवाखान्याचा कचरा बाकी कचऱ्यात मिसळायलाच बंदी आहे!

ट्रॅक्टर अडवला तर ड्रायव्हर म्हणे, "मले ठेकेदारानं सांगतलं." मग आम्ही पोरांनी ढीग उपसला. वीजबिलं, दुकानांच्या पावत्या निघाल्या, पत्ते सगळे शहरातले. तलाठ्याला बोलावून जागेवरच पंचनामा करून घेतला, बिलं त्याला जोडली आणि सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली अर्ज टाकला. (आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे.) नगरपालिकेनं पैसा नसल्याचं रडगाणं लावलंच. ही सबब सुप्रीम कोर्टानं 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात नाकारली आहे, तो निकाल अर्जाला जोडा. आमच्याकडे ट्रॅक्टर बंद झाले, ढीगही उचलला गेला.

पण गावातल्या कोणाच्या होकाराशिवाय बाहेरचा ट्रॅक्टर रोज येत नाही. आमच्याकडे तो होकार माझ्या सख्ख्या काकांचा होता, तेव्हा ते पंचायतीत होते. "पडीत जागा आहे, खड्डा फुकटात बुजते," हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे. पडीत कशी? अख्ख्या गावाची ढोरं तिथं चरतात. ग्रामसभेत हे तोंडावर बोललो तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद आहे, आणि मी शब्द मागे घेणार नाही. तुम्हीही ग्रामसभेत आधी हेच विचारा: परवानगी कोणी दिली, ठराव दाखवा.

कोणी पैसे घेऊन आपल्या वावरात टाकू देत असेल तरीही 152 चालतं, फक्त पंचनाम्यात मालकाचंही नाव येऊ द्या. ढिगात सुया असतात, साध्या हातमोज्यांवर भागवू नका. आणि पंचनामा होईपर्यंत ढीग कोणाला पेटवू देऊ नका, बिलं त्यातच असतात.