परदेशी दिलेल्या कामाचा नफा-तोटा: बिले तपासणाऱ्याच्या बाजूने

प्रश्नकर्त्यांचा इंग्लंडमध्ये घाऊक मालाचा व्यवसाय आहे. पुरवठादारांची बिले नोंदवणे, ती ऑर्डरशी ताडून पाहणे आणि पैसे चुकते करणे हे काम भारतात किंवा फिलिपिन्समध्ये द्यावे काय, त्यात लाभ किती आणि जोखीम किती, असे त्यांनी विचारले आहे. आणि जाता जाता "भारतात दिलेल्या कामाचा दर्जा घसरतो असे ऐकले आहे" अशी पुस्तीही जोडली आहे. मूळ प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ लोक मिळतील. मी लिहायला बसलो तो या पुस्तीमुळे, कारण एका ब्रिटिश कंपनीची बिले पुण्यात बसून तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि दर्जाच्या या विषयावरून एका गृहस्थांशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही.

लाभाचा भाग आधी उरकतो. पगारातील तफावत हा पहिला लाभ, आणि तो खोटा नाही. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत आणि जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावात आपली कार्यालयीन कामे आणली ती याच हिशेबाने. दुसरा लाभ घड्याळाचा. तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, त्यामुळे तुम्ही संध्याकाळी स्कॅन करून ठेवलेली बिले दुसऱ्या दिवशी तुमची कचेरी उघडण्यापूर्वी नोंदवून तयार असू शकतात. तिसऱ्या लाभाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत टिकाऊ: काम दुसऱ्याला द्यायचे ठरले की ते कसे चालते हे प्रथमच कागदावर मांडावे लागते, आणि तसे मांडताना निम्म्या पायऱ्या कशासाठी आहेत हे कंपनीतच कोणाला सांगता येत नाही असे आढळते. एवढ्यासाठी तरी हा विचार करून पाहावा, मग काम प्रत्यक्षात द्या किंवा देऊ नका.

आता दर्जाविषयी. काम आमच्याकडे येण्यापूर्वी ते शिकून घेण्यासाठी आम्हा काही जणांना मिडलँड्स भागातील त्यांच्या कचेरीत पाठवले होते. या धंद्यात त्याला सगळे केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर, म्हणतात. ज्यांची नोकरी आपल्यामुळे जाणार आहे त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून, त्यांच्याकडूनच काम शिकायचे, असा तो प्रकार असतो. मला ज्या बाईंच्या शेजारी बसवले होते त्या निवृत्तीला आलेल्या होत्या. प्रथम त्या कामापुरतेच बोलत, पण मी प्रश्न विचारतो आहे आणि उत्तरे लिहून घेतो आहे असे दिसल्यावर त्या मोकळ्या झाल्या. एका वाहतूकदाराचे बिल आले की त्या बिलाचा क्रमांक सोडून आधी सोबतच्या पोचपावतीचा क्रमांक पाहत आणि टेबलाच्या खणातील एका जुन्या वहीत तो पेन्सिलीने उतरवून घेत. कारण विचारले तेव्हा कळले की त्या वाहतूकदाराचा डेपो आपले बिल परस्पर पाठवतो आणि काही आठवड्यांनी त्याच खेपेचे बिल त्यांचे मुख्य कार्यालयही पाठवते. एकच बिल दोनदा आल्यास इशारा देण्याची सोय संगणकात होती, पण क्रमांक, तारीख आणि रक्कम जुळली तरच ती चाले. येथे क्रमांक निराळा, तारीख निराळी, आणि इंधन अधिभार एका बिलात धरलेला व दुसऱ्यात वगळलेला असल्यामुळे रक्कमही किंचित निराळी. वाहतुकीच्या कामाला खरेदी ऑर्डर काढण्याची पद्धत नसल्यामुळे ऑर्डर, मालपोच आणि बिल यांचा तिहेरी मेळ घालण्याचीही सोय नव्हती. सारा बंदोबस्त काय तो त्या वहीत होता.

मी ही गोष्ट एसओपीच्या, म्हणजे काम कसे करायचे याच्या लेखी नियमावलीच्या, मसुद्यात लिहिली. अशा इतर गोष्टीही लिहिल्या, उदाहरणार्थ एक पुरवठादार क्रेडिट नोट, म्हणजे त्याच्याकडून आपल्याला येणे असलेल्या रकमेची चिठ्ठी, हुबेहूब बिलासारख्या कागदावर छापून पाठवी आणि ती वजा करायची की देय धरायची हे फक्त तळाच्या एका बारीक ओळीवरून समजे. हे सारे स्थलांतर पाहणारे आमचे ट्रान्झिशन मॅनेजर, जे आपलेच मराठी गृहस्थ होते, त्यांनी तो भाग काढून टाकला. त्यांचे म्हणणे असे की एसओपीत सर्वसाधारण पद्धत तेवढी यावी. अपवाद लिहीत बसलो तर दर बिलाला लागणारा वेळ वाढेल, आणि करार तर दर बिलामागे ठरलेला आहे. मी म्हणालो की ज्याला आपण अपवाद म्हणतो त्यासाठीच त्या बाईंना पगार मिळत होता, बाकीचे तर कोणीही टंकलेखक करील. शब्दाने शब्द वाढला, आणि त्यांनी सर्वांदेखत मला ऐकवले की आपल्या लोकांनी पद्धत पाळावी, डोके ग्राहक चालवील. मसुद्यावर ग्राहकाची सही झाली, बाई निवृत्त झाल्या, आणि त्या वहीची चौकशी कोणीही केली नाही.

वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणात वाहतूक बिलांचे पैसे दोनदा गेल्याचे निघाले. पुरवठादाराने बरीचशी रक्कम परत केली, परंतु त्यासाठी जुनी स्टेटमेंट मागवून ओळ न् ओळ जुळवावी लागली, आणि ते काम आम्हीच सुट्टीच्या दिवशी बसून केले. खरी मेख पुढे आहे. त्या सर्व महिन्यांत आमचा अचूकतेचा अहवाल हिरवागार होता आणि तो खोटाही नव्हता, कारण करारात अचूकतेची व्याख्या 'एसओपीप्रमाणे केलेली नोंद' अशी होती. दोन्ही बिलांवरील क्रमांक, तारीख आणि रक्कम आमच्या मुलांनी बिनचूक नोंदवली होती. ग्राहकाच्या बैठकीत मात्र काम भारतात गेल्यापासून दर्जा घसरल्याचा निष्कर्ष निघाला, खापर नोंद करणाऱ्यांवर फुटले, आणि ज्यांनी तो भाग खोडला होता त्यांनीच शांतपणे मान डोलावली.

म्हणून मी स्पष्टच सांगतो की दर्जा देश बदलल्याने घसरत नाही, करार ज्या मापाने लिहिलेला असतो त्या मापाने घसरतो. दर बिलामागे पैसे ठरले की शंका विचारणे हा तोट्याचा धंदा होतो. शंका काढली की बिल होल्डवर जाते, ठरलेली मुदत टळते, महिन्याच्या अहवालात तांबडा रंग दिसतो आणि शंका काढणाऱ्याला बोलावून जाब विचारला जातो. डोळे मिटून नोंद करणारा मात्र 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' ठरतो. त्यातच नोकऱ्या बदलण्याचे प्रमाण मोठे. इंग्लंडला जाऊन शिकून आलेला मुलगा थोड्या जास्त पगारावर दुसरीकडे जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला तोच छाटलेला एसओपी वाचून काम करावे लागते.

दुसरा धोका तुमच्या बाजूचा आहे आणि तो सावकाश वाढतो. काम देऊन काही वर्षे लोटली की तुमच्याकडे ते काम समजणारा माणूस उरत नाही. आमच्या ग्राहकाची अवस्था अशी झाली होती की कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांचीच पद्धत काय आहे हे ते आम्हाला विचारत, आणि अशा ग्राहकाने दर कमी करा असे कितीही बजावले तरी त्याला फारसा अर्थ उरत नाही. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा आमचे संगणक गाड्यांत घालून कर्मचाऱ्यांच्या घरोघरी पोचवावे लागले. त्या काळात पुरवठादारांचे पैसे वेळेवर सोडू शकेल असा एकही जाणकार इंग्लंडच्या कचेरीत नव्हता.

अफरातफरीचा धोका तुमच्या मनात असेलच. २००५ मध्ये सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याच्या प्रकरणात पुण्यातील एका कॉल सेंटरशी संबंधित लोकांना अटक झाली होती. त्यांनी संगणकात घुसखोरी केली नव्हती. ग्राहकांचा विश्वास संपादून पिन काढून घेतले होते. आमच्या मजल्यावर मोबाइल, कागद आणि पेन नेण्यास बंदी होती ती अशाच भीतीपोटी. (म्हणजे त्या बाईंची वही पुण्यात आणली असती तरी लॉकरमध्येच पडून राहिली असती.) तुमच्या व्यवसायात मात्र याहून साधा प्रकार संभवतो: पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यावर पाठवा. परदेशातील नोंद करणाऱ्याला पुरवठादाराचा आवाज ओळखीचा नसतो. म्हणून खात्याचा तपशील बदलण्याचा अधिकार कोणत्याही परिस्थितीत बाहेर देऊ नये, आणि असा बदल आलाच तर ईमेलमधील क्रमांकावर फोन न करता तुमच्याकडील जुन्या क्रमांकावर करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. एकट्याने धंदा करणाऱ्या पुरवठादारांची नावे आणि खाती ही वैयक्तिक माहिती ठरते, त्यामुळे ती भारतात पाठवताना ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार वेगळा करार लागतो; २०२२ पासून त्याचा ठरीव नमुना उपलब्ध आहे. व्हॅटच्या नोंदी सहा वर्षे जपण्याची जबाबदारी तुमचीच राहते. नोंद पुण्यात चुकली हे उत्तर ब्रिटिश करखाते ऐकून घेणार नाही.

तेव्हा काम द्यायचेच असेल तर नोंदणी द्या. पैसे सोडण्याची मंजुरी, पुरवठादारांची मूळ यादी आणि महिन्याच्या स्टेटमेंटची जुळवणी घरात ठेवा. निदान पहिले वर्ष मोबदला दर बिलामागे न ठरवता माणसामागे ठरवा आणि काढलेली शंका हे झालेले काम म्हणून मोजा. तुमचा सर्वांत जुना कारकून असेल त्याला लगेच निरोप देऊ नका, अर्धवेळ का होईना वर्षभर ठेवा, आणि त्याच्या खणातील वह्या आधी पाहा. आमचे ते मॅनेजर आता अशाच स्थलांतरांचे सल्लागार झाले आहेत. तसा कोणी सल्लागार तुमच्याकडे आला तर अपवादांची यादी कराराला जोडणार की नाही, हे पहिल्या बैठकीतच विचारा. त्याने नाक मुरडले तर दर कितीही आकर्षक असला तरी चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

एक-दोन गोष्टी त्या मॅनेजरांच्या बाजूनेही सांगायला हव्यात. समजले नसतानाही ग्राहकासमोर "होय, समजले" म्हणण्याची खोड आमच्या मुलांना होती, आणि त्याबद्दल ते चिडत ते योग्यच होते, जरी ती खोड पक्की व्हायला त्यांचेच धोरण कारणीभूत होते. शिवाय माझा सारा अनुभव मोठ्या कंपनीचा आहे. तुमची बिले महिन्याला काही शेकडाच असतील तर प्रवास, देखरेख आणि करारमदार यांचा खर्च धरून बचत फारशी उरणार नाही, आणि तिथलाच अर्धवेळ हिशेबनीस परवडेल.

राहता राहिला भारत की फिलिपिन्स हा प्रश्न. फोनवरील कामासाठी मनिलाचे नाव मोठे आहे, पण तुमचे काम खतावणीचे आहे, आणि बी.कॉम., एम.कॉम. झालेली किंवा सीएच्या परीक्षा देत असलेली मुले पुण्यात सहज मिळतात. मनिला तुमच्यापेक्षा उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ तास पुढे आहे, त्यामुळे तुमच्या कचेरीच्या वेळेत शंकासमाधान हवे असेल तर तेथील माणसांना रात्री उशिरापर्यंत बसवावे लागेल, आणि त्या पाळीचा भत्ता अखेर तुमच्याच बिलात चढेल.